एका एकरातले नक्षत्रवन: आखणीपासून तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

सत्तावीस नक्षत्रे, सत्तावीस आराध्यवृक्ष, एक मोठा गोल आणि मधोमध बसायला पार. कागदावर नक्षत्रवन इतके सोपे दिसते, आणि तिथेच ते बिघडते. गोलाचे सत्तावीस सारखे भाग पाडून प्रत्येक खुंटीला एक रोप लावले जाते. एक एकराचा चौरस साधारण ६३.६ मीटर बाजूचा. कुंपणापासून थोडी जागा सोडली की त्यात २६ मीटर त्रिज्येचा गोल बसतो आणि त्यावर दोन झाडांमधले अंतर जेमतेम ६ मीटर येते. पुष्याचा पिंपळ, आश्लेषेचा नागचाफा, मघाचा वड अशी झाडे सहा-सहा मीटरवर उभी केली, तर पंधरा वर्षांत नागचाफा दोन्ही बाजूंनी दाबला जातो. श्रवणाची रुई तर माणसाच्या उंचीचे झुडूप. तिच्या शेजारी उत्तराषाढाचा फणस.

म्हणून एकच नियम धरायचा. नक्षत्राचा क्रम आणि दिशा हलवायची नाही, केंद्रापासूनचे अंतर मात्र झाडाच्या वाढीवर ठरवायचे. प्रत्येक नक्षत्राला आकाशात १३ अंश २० कलांचा वाटा आहे. जमिनीवर तो पाचरीसारखा तुकडा होतो. त्या पाचरीत झाड पुढे लावा की मागे, नक्षत्र बदलत नाही.

यादी आधी पक्की करा

छापील पंचांगे आणि रोपवाटिकांचे फलक यांतल्या याद्या तंतोतंत जुळत नाहीत. महाराष्ट्रात रूढ असलेली यादी अशी: अश्विनी काजरा (कुचला), भरणी आवळा, कृत्तिका उंबर, रोहिणी जांभूळ, मृग खैर, आर्द्रा कृष्णागरू, पुनर्वसू वेळू, पुष्य पिंपळ, आश्लेषा नागचाफा, मघा वड, पूर्वा पळस, उत्तरा पायर, हस्त जाई, चित्रा बेल, स्वाती अर्जुन, विशाखा नागकेशर, अनुराधा नागकेशर किंवा बकुळ, ज्येष्ठा सावर, मूळ राळ, पूर्वाषाढा वेत, उत्तराषाढा फणस, श्रवण रुई, धनिष्ठा शमी, शततारका कदंब, पूर्वाभाद्रपदा आंबा, उत्तराभाद्रपदा कडुनिंब, रेवती मोह.

नागचाफा आणि नागकेशर ही बहुतेक ठिकाणी एकाच झाडाची दोन नावे म्हणून चालतात. त्यामुळे अनुराधेला बकुळ घेणे शहाणपणाचे. नाहीतर बागेत एकच झाड तीनदा येते, तेही सर्वांत सावकाश वाढणारे. आर्द्रेचा अगर हा आसामच्या ओल्या हवेतला. कोकणात तो जगतो, सोलापूर-बीडकडच्या कोरड्या वाऱ्यात नाही. काही याद्या आर्द्रेला शिसम देतात. पठारावर तोच लावा. हस्ताला काही याद्यांत रिठा आहे. वेलीसाठी मांडव घालायचा नसेल तर तो पर्याय खुला आहे. कोणता पर्याय का घेतला हे वहीत लिहून ठेवा. उद्‌घाटनाच्या दिवशी कुणीतरी दुसरी यादी घेऊन येतोच.

अभिजितला धरून अठ्ठावीस नक्षत्रे करू नका. अठ्ठावीसने भागले की राशींच्या सीमा आखणीशी जुळत नाहीत. अभिजितसाठी उत्तराषाढा आणि श्रवण यांच्या मध्ये एक दगड पुरेसा आहे.

दिशा आणि सुतळी

आखणी डिसेंबरात करा. आकाश स्वच्छ असते, आणि त्या दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातले त्याचे उत्तर-दक्षिण स्थान, फारशी बदलत नसल्याने शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, सावली सर्वांत विश्वासू असते. केंद्रावर १ मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. तिच्याभोवती दीड मीटर त्रिज्येचे वर्तुळ फक्कीने काढा. सकाळी सावलीचे टोक आखडत आखडत वर्तुळाला जिथे टेकते तिथे पहिली खूण, दुपारनंतर वाढत जाऊन जिथे टेकते तिथे दुसरी. पहिली खूण पश्चिमेकडची, दुसरी पूर्वेकडची. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. केंद्रातून हिला समांतर सुतळी ताणून पूर्वेला २६ मीटरवर खुंटी ठोका. होकायंत्रही चालते, पण लोखंडी कुंपण, मोटार किंवा विजेचा खांब जवळ असला तर सुई फसवते.

अश्विनी पूर्वेकडून सुरू करून प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असे जायचे. चालणाऱ्याचा उजवा हात केंद्राकडे राहतो आणि झाडे त्याला क्रमाने भेटतात. याचा दुसरा फायदा मोठा आहे. या मांडणीत पिंपळ, वड आणि पायर दक्षिणेपासून पश्चिमेकडे येतात, तर रुई, शमी उत्तरेकडे. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो, तेव्हा २० मीटर उंच वडाची सावली सुमारे १८ मीटर उत्तरेकडे पडते. ती केंद्राच्या अलीकडेच संपते, पलीकडच्या शमीला आणि रुईला शिवत नाही. उन्हावर जगणाऱ्या या दोघांना ही जागा हवीच असते.

आता सत्तावीस खुंट्या. ६.०४ मीटरची सुतळी घेऊन एकामागून एक सत्तावीस मापे टाकत गेलात तर प्रत्येक वेळी दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे होतात आणि शेवटची खुंटी पाऊण मीटर चुकते. उलटे करा. पूर्वेच्या खुंटीपासून गोलावर दक्षिणेकडे ३.०२ मीटरवर अश्विनीची खुंटी ठोका. पूर्वेची रेषा ही रेवती आणि अश्विनी यांची सीमा आहे, म्हणून पहिले झाड तिच्यापासून अर्धा वाटा पुढे येते. अश्विनीपासून ४५.०३ मीटरची सरळ माप टाकली की मघा, तिथून पुन्हा तेवढीच टाकली की मूळ. मूळपासून तीच माप परत अश्विनीवर आली पाहिजे. दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर केंद्राची खुंटी हलली आहे असे समजा. मग या तिन्हींच्या मध्ये १७.७९ मीटरच्या मापाने दोन-दोन खुंट्या: रोहिणी, पुनर्वसू, हस्त, विशाखा, श्रवण, पूर्वाभाद्रपदा. उरलेल्या अठरा खुंट्या ६.०४ मीटरने भरा. चूक जमा व्हायला जागाच राहत नाही.

केंद्रापासून १४.५ मीटरवर पावणेदोन मीटर रुंदीची पायवाट घ्या. तिच्यावर पूर्वेच्या रेषेपासून दर ७.५१ मीटरवर एक सपाट दगड बसवला की बारा राशी मिळतात. मेषेचा दगड ते वृषभेचा दगड या अंतरात अश्विनी, भरणी आणि कृत्तिकेचा पहिला चरण (पाव भाग) येतो. सव्वादोन नक्षत्रांची रास पायांनी मोजता येते. मुलांना हे गणित फळ्यावर समजत नाही, इथे एका फेरीत समजते. रस्ता पूर्वेला नसेल तर फाटक जिथे आहे तिथेच राहू द्या. आत आल्यावर बाणाने पूर्वेच्या दगडापर्यंत न्या, पण नक्षत्रांची सुरुवात फाटकापाशी ओढू नका.

कोण कुठल्या फेरीत

बाहेरची फेरी, २६ मीटर: जांभूळ, पिंपळ, वड, पायर, अर्जुन, सावर, फणस, आंबा, मोह.

मधली, १८ मीटर: काजरा, उंबर, खैर, वेळू, बेल, बकुळ, राळ, रुई, कदंब, कडुनिंब.

आतली, ११ मीटर: आवळा, अगर, नागचाफा, पळस, जाई, नागकेशर, वेत, शमी.

प्रत्येक खुंटीपासून केंद्राकडे सुतळी ताणायची आणि केंद्रातून १८ किंवा ११ मीटर मोजून दुसरी खुंटी ठोकायची, एवढेच. या मांडणीत पिंपळ आणि वड यांच्यात १२ मीटर, वड आणि पायर यांच्यात १२ मीटर, तर मधल्या फेरीतल्या जवळच्या झाडांत ८.३ मीटर मिळतात. एका एकरात याहून जास्त मिळत नाही. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकण्याआधी कापत राहावे लागेल. वडाच्या केंद्राकडच्या खालच्या फांद्याही सातव्या-आठव्या वर्षापासून काढत गेले पाहिजे, नाहीतर आत उभ्या असलेल्या पळसाचे दुपारनंतरचे ऊन जाते आणि तो फुलायचा थांबतो. दोन एकर असतील तर हीच मापे दीडपट नव्हे, १.४ पट करा.

जागा ठरवताना कायदाही लक्षात असू द्या. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, खैर आणि मोह आहेत. पुढे विजेच्या तारा ओढल्या किंवा वर्गखोली बांधायची ठरली, तर ही झाडे परवानगीशिवाय काढता येत नाहीत. तारांखाली फक्त आतल्या फेरीतली झाडे येतील अशा बेताने केंद्र सरकवा.

कामाचे वेळापत्रक पर्जन्यनक्षत्रांवर

शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरणी ठरवतो तीच नक्षत्रे इथे कामाला घ्यायची. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. कृत्तिका सुमारे ११ मे, रोहिणी २५ मे, मृग ८ जून, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै. एखादा दिवस पुढेमागे.

खड्डे कृत्तिका संपेपर्यंत खणून व्हावेत, म्हणजे रोहिणीच्या उन्हात माती तापून वाळवी आणि हुमणी कमी होतात. बाहेरच्या फेरीतल्या झाडांना आणि उंबर, कदंब, कडुनिंब, राळ यांना १ मीटर लांब, रुंद, खोल. रुई आणि जाईला ४५ सेंटीमीटर, बाकीच्यांना ६०. वरची ३० सेंटीमीटर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना मुरूम परत आत जायला नको. मोठ्या खड्ड्याला वरची माती, जवळपासचा पोयटा, २५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड. ६० सेंटीमीटरच्या खड्ड्याला ६ किलो शेणखत, पाव किलो पेंड. अर्धवट कुजलेले शेण वाळवीला आमंत्रण आहे; हातात घेऊन वास येत असेल तर ते तयार नाही. मृगात खड्डे जमिनीच्या वर १५ सेंटीमीटर फुगवटा ठेवून भरा. पहिल्या दोन पावसांत माती बसते. तो फुगवटा नसला तर रोप खळग्यात राहते आणि खोड कुजते.

काळ्या मातीत हे सगळे बदलते. तिथे मीटरभर खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरलेली बादली, तिचे पाणी बाजूला झिरपत नाही. खड्डा ४५ सेंटीमीटरच ठेवा आणि त्यावर दोन मीटर रुंद, ३० सेंटीमीटर उंच वरंबा करून रोप त्यात लावा. कोकणातल्या जांभ्यावर उलट अडचण: कातळ फोडल्याशिवाय मुळे उतरत नाहीत, आणि फोडलेल्या खड्ड्याला पाणी निघून जायला उताराच्या बाजूने चर हवा.

लागवड आर्द्रा आणि पुनर्वसूत. मृगाच्या पहिल्या सरीला फोटोसाठी केलेली लागवड पुढच्या पंधरा दिवसांच्या उघडिपीत जाते. जमीन ३० सेंटीमीटर खोलीपर्यंत ओली झाली आहे का हे खुरप्याने पाहा, मगच लावा. मराठवाडा-विदर्भात पुष्यही चालतो. आश्लेषेनंतर लावलेल्या रोपाला मुळे पसरायला पुरेसा पाऊस मिळत नाही.

रोपे घेताना होणाऱ्या चुका

मागणी आदल्या दिवाळीत नोंदवा. वड, पिंपळ, कडुनिंब, जांभूळ, आवळा सामाजिक वनीकरणाच्या आणि वनविभागाच्या रोपवाटिकांत सहज मिळतात. राळ, अगर, वेत, नागकेशर, काजरा यांची वाट पाहावी लागते.

शमीच्या नावाखाली सर्वांत जास्त फसवणूक होते. गुलाबी-पिवळ्या दुरंगी तुऱ्यांचे जे सुंदर झुडूप शमी म्हणून विकले जाते ती सिगमकाठी. खऱ्या शमीची फुले पिवळट, सडसडीत तुऱ्यांची असतात आणि काटे फांदीवर पेरांच्या मध्ये विखुरलेले असतात. काटे लांब आणि पानाच्या बगलेत जोडीने असतील तर ती वेडी बाभूळ. ती लावलीत तर दहा वर्षांत आजूबाजूच्या पडीक जमिनीवर तिचेच राज्य.

पायर मागताना ‘वडाच्या कुळातला पायर’ असे म्हणा, नाहीतर पायरी आंब्याचे कलम हातात पडते. पायरचे पान पिंपळासारखेच, पण टोक आखूड आणि देठ-शिरा गुलाबीसर. लांबट पानांची पिंपरीही याच नावाने दिली जाते, आणि परंपरेत प्लक्ष म्हणून तीही मानली जाते, चालेल. जाईच्या ठिकाणी जुई येते: जाईचे पान सात-नऊ दलांचे, जुईचे एकच मोठे दल, फार तर खाली कानासारखी दोन बारीक. कदंबाच्या जागी कळम मिळाला तर कोरड्या भागात तो परत करू नका. त्याची फुले लहान असतात, पण दुष्काळ तो जास्त सोसतो.

मूळ नक्षत्राची राळ म्हणजे साल नावाचा वृक्ष. महाराष्ट्रात तो जंगली सहसा मिळत नाही. त्याचे बी झाडावरून पडल्यावर आठवडा-दहा दिवसच जिवंत असते, त्यामुळे बी मागवून काही होत नाही. छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशातून रोपच आणावे लागते. लावल्यावर पहिली काही वर्षे त्याचा शेंडा दर उन्हाळ्यात वाळतो आणि पावसात मुळापासून नवा फुटतो. नेमके याच वेळी ‘मेले’ म्हणून उपटून टाकले जाते. वाळलेले रोप दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटापर्यंत हलवू नका.

मोठे रोप घ्या हा सल्ला वड, पिंपळ, कडुनिंब, अर्जुन यांच्यासाठी बरोबर आहे: दोन वर्षांचे, पाच-सहा फुटी, बोटाएवढ्या जाडीचे. मोह आणि पळसाला तो घातक आहे. त्यांचे सोटमूळ पिशवीच्या तळाशी गुंडाळले जाते, झाड पाच वर्षे जगते आणि मग वाऱ्यात मुळासकट कलंडते. यांची वर्षभराच्या आतली रोपे घ्या, किंवा ताजे बी खड्ड्यातच लावा. कुठल्याही रोपाच्या पिशवीचा तळ दोन सेंटीमीटर कापून गुंडाळलेली मुळे काढून टाका. पिशवी अख्खी ठेवून लावलेली झाडे आजही सापडतात. तीन वर्षांनी उपटून पाहिले तर मुळांचा गोळा पिशवीच्याच आकाराचा असतो.

सावली लागणारे, पाणी नको असलेले

अगर, नागचाफा, नागकेशर आणि वेत यांना कोवळेपणी कडक ऊन सोसत नाही. प्रत्येकाच्या पश्चिमेला दीड मीटरवर एक हादगा किंवा गिरिपुष्प लावा. सहा महिन्यांत डोक्यावर सावली येते, चौथ्या वर्षी ते कापून तिथेच आच्छादन म्हणून पसरा. वेताशेजारचे गिरिपुष्प मात्र राहू द्या, त्याला चढायला आधार लागतो. वेताचे काटेरी चाबूक कपड्यात आणि डोळ्यांत अडकतात, म्हणून ते वाटेकडे झुकू देऊ नका. नागकेशराची नवी पालवी लालभडक येते. तो रोग नाही, औषध मारू नका. बेलाची पाने कुरतडलेली दिसली तर लिंबावर येते तीच फुलपाखराची अळी आहे. रोप लहान असेपर्यंत हाताने वेचा, झाड मोठे झाले की सोडून द्या.

ठिबक करणार असाल तर दोन वेगळ्या झडपांवर करा. जांभूळ, उंबर, अर्जुन, कदंब, वेत, अगर, फणस, वेळू, जाई एका झडपेवर. शमी, खैर, रुई, पळस, बेल, मोह, काजरा, सावर दुसऱ्यावर. सगळ्यांना सारखे पाणी दिले की शमी आणि पळस मुळे कुजून जातात, आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो. पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्याला १० लिटर, मार्च ते मे आठवड्यातून दोनदा २० लिटर हा ओल्या गटाचा हिशेब. कोरड्या गटाला निम्मे. सगळे मिळून उन्हाळ्यात आठवड्याला साधारण ८०० ते ९०० लिटर लागतात, म्हणजे हजार लिटरची टाकी आठवड्यातून एकदा भरली तरी पुरते. पण दोन मीटर उंचीवरच्या टाकीच्या दाबावर ताशी ४ लिटरचे ड्रिपर ४ लिटर देत नाहीत, टोकाचे तर थेंबही देत नाहीत. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप लावा, नाहीतर ड्रिपर काढून बारीक नळ्या वापरा आणि बादली खाली ठेवून प्रत्येक झाडापाशी मोजून पाहा.

आळे खोडाला चिकटून नको. खोडापासून ३० सेंटीमीटर कोरडे, त्यापुढे गोल आळे, त्यात १० सेंटीमीटर पालापाचोळा. दरवर्षी हस्तानंतर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आळे फावड्याएवढे बाहेर सरकवा. मुळे पाण्याच्या मागे बाहेर जातात.

शाळेच्या आवारातले नक्षत्रवन बहुधा एप्रिल-मेच्या सुट्टीत मरते. पाणी घालायची वर्गवार पाळी असते आणि वर्गच नसतात. त्या साठ दिवसांचे पाणी कुणाच्या नावावर आहे हे लागवडीआधी कागदावर ठरवा. दुसरे मरण शेळ्यांचे. बाभळीच्या फांद्यांचे कुंपण एका हंगामात बसते, म्हणून निदान तीन वर्षे प्रत्येक रोपाला जाळी किंवा बांबूचा पिंजरा हवा.

काजऱ्याची फळे पिकल्यावर नारिंगी, छोट्या संत्र्यासारखी दिसतात आणि बियांत जहाल विष असते. लहान मुलांची शाळा असेल तर झाडाभोवती पुरुषभर उंचीची जाळी, स्पष्ट फलक आणि फळांच्या दिवसांत रोज सकाळी खाली पडलेली फळे उचलणे, हे तिन्ही होणार असेल तरच तो लावा. नाहीतर अश्विनीच्या पाचरीत नावाचा दगड ठेवा. रुईचा चीक डोळ्यांत जाणे हेही गंभीर. ती वाटेच्या मध्यापासून साडेतीन मीटर बाहेरच्या बाजूला आहे, तिथेच राहू द्या.

मध्यभागी नवग्रह

याज्ञवल्क्यस्मृतीत ग्रहशांतीच्या समिधा सांगितल्या आहेत: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. यातली सहा झाडे नक्षत्रांच्या फेऱ्यांत आधीच आहेत. मधोमध पुन्हा पिंपळ आणि उंबर लावून पार फोडून घेऊ नका. केंद्राभोवती तीन मीटरच्या आत ईशान्येला आघाडा, नैर्ऋत्येला दूर्वा, वायव्येला दर्भ असे तीनच वाफे करा आणि उरलेल्या सहा जागी नावांचे दगड बसवा.

जागाच कमी असेल, म्हणजे घरामागे ५ मीटर चौरस, तर नक्षत्रवनाचा हट्ट सोडून फक्त नवग्रह वाटिका करा. चौरसाचे नऊ भाग पाडा. मध्ये रुई, पूर्वेला उंबर, आग्नेयेला पळस, दक्षिणेला खैर, नैर्ऋत्येला दूर्वा, पश्चिमेला शमी, वायव्येला दर्भ, उत्तरेला पिंपळ, ईशान्येला आघाडा. इथे पिंपळ आणि उंबर जमिनीत नको, त्यांची मुळे पाया आणि सांडपाण्याच्या नळांत शिरतात. २०० लिटरच्या पिंपाचा अर्धा भाग, तळाला पाच-सहा भोके, विटांवर उचलून ठेवलेला. दर तिसऱ्या वर्षी मृगात झाड बाहेर काढून एक तृतीयांश मुळे आणि तेवढाच शेंडा कापा. पिंप थेट मातीवर टेकवले तर भोकांतून मूळ खाली उतरते आणि दोन वर्षांनी ते हलत नाही. खैर, पळस, शमी दरवर्षी छाटून दोन मीटरवर राखता येतात. दर्भ जमिनीखालून पसरतो, म्हणून तळ नसलेले पिंप ४५ सेंटीमीटर गाडून त्यात लावा. दूर्वेभोवती २० सेंटीमीटर खोल उभी फरशी. आघाड्याचे बी कपड्यांना चिकटून सगळीकडे जाते. दोन झाडे बियांसाठी ठेवून बाकीची तुरा सुकण्याआधी कापा.

फलक

खिळा झाडात ठोकू नका, खोड जाड होताना तो फलक गिळते. झाडापासून एक मीटरवर, वाटेच्या बाजूला, कंबरेइतक्या उंचीचा दगडी किंवा लोखंडी खांब. त्यावर नक्षत्र, झाड, चरणाक्षरे (नक्षत्राच्या चारही चरणांची जन्मनावाची अक्षरे) आणि शक्य तिथे ताऱ्यांचा आकार: कृत्तिकांचा पुंजका, मृगाची तीन ताऱ्यांची ओळ, हस्ताचा पंजा. रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा यांचे ठळक तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, म्हणून त्या पाच फलकांवर ‘संध्याकाळी केव्हा, कुठल्या दिशेला’ ही ओळ जरूर घाला. पारावर दिवे लावायचेच असतील तर खाली तोंड केलेले, नऊनंतर बंद होणारे.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजणी करा. जी पाचर रिकामी असेल तिथे त्याच झाडाचे दुसरे रोप लावा, पण आधी खड्डा पुन्हा खणून पाहा: खाली कातळ, साचलेले पाणी की वाळवी, यांपैकी काय सापडते त्यावर पुढचे रोप जगणार की नाही ते ठरते. दोनदा गेलेली राळ किंवा अगर तिसऱ्यांदा लावायचा असेल, तर आधी शेजारचा हादगा वाढू द्या आणि रोप पुढच्या आर्द्रेत आणा.